शिस्तीचा कुत्रा

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाला शिस्त लावली असेल तर ती फक्त कुत्र्याला. आणि तीसुद्धा लावली नव्हती, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

ढब्बू सव्वा वर्षाचा. ह्या वयाची कुत्री घर डोक्यावर घेतात. हा मात्र बेल वाजली तरी धावायचा नाही, जिना आला की खालीच थांबायचा. बसायचाही मागचा एक पाय बाजूला टाकून. "बघ, सांगितल्याशिवाय वर येत नाही. ह्याला म्हणतात ट्रेनिंग!" शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हे म्हणायचे. ट्रेनिंग म्हणजे काय, तर सकाळी चहा पिता पिता दोनदा "बस" म्हणायचं. कुत्रा आधीच बसलेला असायचा.

खरं काय ते सासऱ्यांनी ओळखलं. बाबांचा जन्म शिवणयंत्रावर गेला, गुडघे केव्हाच कामातून गेलेत. एका सकाळी पेपर बाजूला ठेवून मला म्हणाले, "सूनबाई, हा माझ्यासारखा उठतो गं. आधी पुढे जोर घेतो, मग मागचं ओढतो, चार पावलं टाकली की जरा मोकळा होतो. माझं ठीक आहे, मी अठ्ठ्याहत्तरचा आहे."

"काहीतरीच काय बाबा! म्हाताऱ्यांचं दुखणं ते," हे म्हणाले.

मी ढब्बूला गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी त्याचा पाय हळूच मागे ओढला. तो कण्हला नाही, फक्त वळून त्यांचा हात चाटू लागला. "बरीच कुत्री ओरडत नाहीत, तिथेच घात होतो," त्या म्हणाल्या. एक्स-रे काढला. खुब्याचा सांधा नीट बसलेला नव्हता आणि त्यात संधिवात सुरू झाला होता. "लवकर आलात, बरं झालं. वजन उतरवा, गुळगुळीत फरशीवर चटया घाला, रोज थोडं थोडं चालवा. आणि ही गोळी, रोज सकाळी. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. घरातली माणसांची गोळी तर चुकूनही नाही."

इतके दिवस मीही त्याला शहाणं बाळ म्हणत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांत शिस्तीचे तीन तेरा वाजले. ढब्बूने ह्यांचा चष्मा पळवला, पायमोजे लपवले, दूधवाल्याचं दारात जाऊन स्वागत केलं. बाबा टाळ्या वाजवायचे. ह्यांचं तोंड मात्र एवढंसं. "चांगला शिकवलेला कुत्रा, त्या बाईने बिघडवला!"

तशात ह्यांचे साहेब चहाला यायचं ठरलं. ऑफिसात ढब्बूच्या शिस्तीचे गोडवे गाऊन झाले होते. त्याच आठवड्यात सकाळची गोळी द्यायचं काम ह्यांनी आपणहून मागून घेतलं. मी भाबडी, म्हटलं सुधारले!

रविवारी साहेब आले, तर बैठकीतल्या चटया गायब, फरशी चकाचक. मधोमध ढब्बू, गप्प.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "आमचा तर पाहुण्यांच्या अंगावर चढतो."

"हा सांगितल्याशिवाय हलायचा नाही!" हे फुलले.

"मग सांगा की."

"ढब्बू, ये."

ढब्बूने पुढचे पाय रोवले. मागचे उचलेनात. पुन्हा जोर लावला, फरशीवर नखं घासली आणि तो खाली आला. मग तिसऱ्यांदा. शेपटी हलतच होती. नजर ह्यांच्यावर, जणू आपलंच काहीतरी चुकतंय.

"आळशी झालाय जरा," हे हसले.

मी आत जाऊन गोळ्यांचं पाकीट बघितलं. पाच दिवसांच्या पाच गोळ्या जशाच्या तशा. तळपायाची आग मस्तकात गेली. पाकीट आणून चहाच्या ट्रेमध्ये साहेबांसमोर ठेवलं. "ही शिस्त नाही, साहेब. तुम्हाला दाखवायला पाच दिवस ह्याचं औषध बंद ठेवलंय."

तोवर घसरत, धडपडत ढब्बू ह्यांच्या पायापाशी पोचला होता. ह्यांनी ये म्हटलं होतं ना.