खांबावरचे उलटे आकडे

"तीनवर आलंय पाणी. अजून किती वाट बघायची?" वहिनी पुलाच्या कठड्याला टेकून फोनवर ओरडत होती आणि पलीकडून तालुक्याचा कारकून तिचं कौतुक करत होता.

"ताई, सकाळी नऊ होतं, दुपारी सहा, आता तीन. छान ओसरतंय. तुमचं गाव आम्ही हिरव्या यादीत टाकलंय."

"अहो, खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी शिरलंय."

"ते पावसाचं साचलं असेल. आम्ही खांबावरचा आकडा धरतो."

मी शेजारीच उभा राहून ऐकत होतो. ते आकडे मी रंगवले होते. मी रंगारी. गेल्या उन्हाळ्यात राज्याच्या कचेरीतून पुराची फाईल निघाली, जिल्ह्यात आली, तालुक्यात आली आणि आमच्या ग्रामपंचायतीत पोचेपर्यंत इतकी जाडजूड झाली, की सरपंच ती दाराला अडणा म्हणून लावायचे. त्या फाईलबरहुकूम गावात अकरा जणांची समिती झाली. पाणी बघून तालुक्याला कळवायचं काम वहिनीकडे आलं, बाकीच्या दहा जणांकडे सह्या करायचं. सातच्या वर आकडा गेला की तालुका बोट पाठवणार आणि जिल्ह्याला कळवणार, जिल्हा राज्याला. त्यासाठी पुलाच्या खांबावर बारा फुटांचा पट्टा हवा होता. मी कठड्याला दोर बांधला, फळीवर बसलो आणि खांब हाताशी आला तिथे, म्हणजे अगदी वर, एकचा आकडा काढला. मग दोर सोडत सोडत खाली बारापर्यंत आलो. आमच्या गावाला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. तीन म्हणजे पूल बुडायला तीन फूट बाकी. सरळ हिशेब.

सकाळी नऊ सांगितल्यावर तालुक्याने घाईघाईने बोट काढली होती. वहिनीनेच नको म्हणून सांगितलं होतं.

आता बोट हवी होती, कारण खालच्या गल्लीत माझा थोरला भाऊ खाटेवर पडला होता. तो शिंपी. मांडीपासून अंगठ्यापर्यंत प्लास्टर आणि वजन शंभरावर दोन-चार किलो. पुलावर यायच्या आधी आम्ही चौघांनी त्याला खाटेसकट उचलून पाहिलं होतं, तर खाटेचा एक पाय मोडला आणि दादा तिरका झाला. "मला इथेच राहू द्या, पण सरळ ठेवा," म्हणाला. आम्ही खाटेखाली विटा रचल्या. तो चेष्टा करत होता, पण वहिनीचा हात सुटत नव्हता त्याच्या हातून. मला फार लाज वाटत होती.

वहिनीने फोन ठेवताच मी तिला म्हटलं, "त्यांचा आकडा खालून वर जातो. आपला वरून खाली. चूक माझी."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, की नदीत उडी मारणं सोपं वाटावं. मग बोटांवर हिशेब केला आणि परत फोन लावला.

"लिहा, नऊ."

"ताई, पाच मिनिटांपूर्वी तीन होतं ना?"

"आता नऊ आहे."

"पाच मिनिटांत सहा फूट?" कारकुनाचा आवाज चिरकला. वहिनी खांबाची गोष्ट सांगायला लागली, पण ऐकायला पलीकडे कोणी नव्हतंच. तालुक्याने जिल्ह्याला हाक मारली, जिल्ह्याने राज्याला. पाऊण तासात तीन बोटी आल्या, बावीस माणसं आली, दोन डॉक्टर आले. त्यातल्या सहा जणांनी दादाला उचललं. तो बोटीतूनही ओरडत होता, "माझं मशीन घ्या, नाहीतर मला उतरवा." मशीनही घेतलं. एवढी माणसं आलीच आहेत म्हणून वहिनीने अख्खी गल्ली रिकामी करून घेतली, शेळ्यांसकट. दिवस मावळताना तिथे खिडक्यांपर्यंत पाणी होतं. आत कोणीही नव्हतं.

पाणी उतरल्यावर राज्याच्या कचेरीतल्या मोठ्या बाई स्वतः पाहणीला आल्या. पाच मिनिटांत सहा फूट चढणारी नदी त्यांना बघायची होती. वहिनीने सगळं खरं सांगितलं. बाई कठडा धरून हसल्या, आणि मला नवा पट्टा खालून वर रंगवायला लावला. जुना मी पुसायला गेलो तर वहिनीने ब्रश काढून घेतला.

"राहू दे तो. किती चढलं ते तालुक्याला सांगू. किती उरलंय ते आपल्याला कळायला हवं."

दोन पट्ट्यांच्या मधे मी एक लाल रेघ ओढली होती. बाईंनी विचारलं, "ही कसली खूण?"

"आमच्या ह्यांच्या खाटेची," वहिनी म्हणाली. "पाणी इथवर यायच्या आत बोट यायला हवी."

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

यंदा नवी फाईल आली. राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून आमच्याकडे. प्रत्येक गावाने भरायच्या तक्त्यात एक रकाना जास्तीचा होता: 'गावातील सर्वांत खालच्या खाटेची उंची'. दादाने तो स्वतः टेपने मोजून भरला.