एका सीटची गाडी

वेल्डर जुन्या मोटारसायकली कापून बॉबर बनवायचा. बॉबर म्हणजे अंगावर लाजेपुरतं लोखंड ठेवलेली गाडी. "पळायला जे लागत नाही ते भंगारात," हे त्याचं ब्रह्मवाक्य. त्याच्या स्वतःच्या गाडीचं मडगार्ड गेलं, आरसे गेले, मागची सीटही गेली.

"मग मी कुठे बसू?" बायकोने विचारलं.

"बॉबरला एकच सीट शोभते," स्वारी गुरगुरली.

बायको गोड हसून आत गेली. खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं; पण गड्याच्या हातात ग्राइंडर होता आणि कानात कापूस.

पहिली फेरी झोकात झाली. गाडीच्या दणक्याने गल्लीतली कुत्रीसुद्धा शेपूट घालून पळाली. दारात थांबून त्याने ऐटीत टाचेने स्टँड चाचपला. स्टँड नव्हताच! पळायला लागत नाही म्हणून त्यानेच तो कापला होता. भिंतीला टेकवावी, तर हँडलचं नवंकोरं क्रोम खरवडणार. बराच वेळ बगळ्यासारखा तोल सांभाळून शेवटी तो ओरडला, "अगं, जरा धर ना!"

बायको दारात आली. तिने गाडी निवांत न्याहाळली.

"बसायला मी नको, आणि टेकू द्यायला मी?"

आणि तिने आतून कडी घातली.