पाँपेईची कण्हेर

मी एक जुना, जाडजूड चित्रग्रंथ आहे, मित्रांनो. मला उचलायला दोन हात लागतात. माझी भाषा इटालियन. ती वाचणारे माझ्या आजच्या घरात कोणीच नाही. तरीही या घराइतके मनापासून मला आजवर कोणी वाचलेले नाही.

माझा जन्म इटलीतल्या नेपल्स शहरात झाला, त्याला शंभरावर वर्षे लोटली. तिथून जवळच पाँपेई नावाचे प्राचीन शहर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला आणि ते सारे राखेखाली गेले. पुढे लोकांनी ते उकरून काढले, तर काय! घरांच्या भिंतींवरची चित्रे अजून टवटवीत. चित्रकारांनी ती उतरवून घेतली, आणि दगडी पाट्यांवरून एकेका रंगाचा ठसा माझ्या पानांवर उमटला. लाल भिंती, मासे, पक्षी आणि बागा. हो, रंगवलेल्या बागा! ज्यांच्या अंगणात जागा कमी, ते मागच्या भिंतीवर झाडे रंगवून घेत.

नाशिकला मला आणले चित्रकलेच्या एका मास्तरांनी. हात धुतल्याशिवाय ते मला शिवत नसत. ते गेले आणि मी रद्दीत आलो. १९९४ साल असेल. शिळ्या वर्तमानपत्रांखाली दबून मी तराजूत पडलो होतो. तेवढ्यात नाशिकच्याच अंबड भागातल्या कारखान्यातून सुटलेला एक तरुण सायकल टेकवून आत आला. त्याचे नाव कुंदन. कारखान्यात तो रंगकामाच्या खात्यात होता. माझे पान उलटून तो म्हणाला, "असला लाल आमच्याकडं अजून जमला नाय!" आणि मला घरी घेऊन गेला.

शहराच्या कडेला कुंदनची आई नवसाबाई हिचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, गुलाब. पहाटे तोडणी, मग बाजार. मला बघायला सवड कोणाला? दहा वर्षे मी पत्र्याच्या पेटीत पडून राहिलो. कसरीने माझ्या कडा खाल्ल्या. मी रुसलो होतो, खोटे कशाला सांगू?

मग मळ्यातून मोठा रस्ता गेला. उरलेला तुकडा विकून सगळे इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि नवसाबाईचे बोलणेच बंद झाले. दोन घास खायची, गॅलरीत बसायची, कोऱ्या भिंतीकडे बघत राहायची. कुंदनची बायको दीपमाला हिने तिच्यासाठी कुंड्या आणल्या. नवसाबाईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

एका रविवारी पेटी आवरताना दीपमालेने मला उघडले. नेमके बागेचे पान समोर आले.

"अहो, हे फ्रेम करून गॅलरीत लावू या का? आईंना बरं वाटेल."

कुंदनने पट्टी घेतली, ब्लेड घेतले. ब्लेडचे टोक माझ्या शिवणीला टेकले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. तेवढ्यात कोणीतरी त्याचे मनगट धरले.

"आरं, कापतो काय?" नवसाबाई बोलली! "कलम करायचं म्हणून कुणी झाड मुळासकट उपटतं का? बघून काढ की भिंतीवर. हात हायेत ना तुला?"

दोघे तिच्याकडे बघतच राहिले. ती मात्र माझ्यावर वाकली होती.

"ही तर आपली कण्हेर! अन् ही डाळिंबं. कुठलं गाव रं हे?"

"लय लांबचं, आई. लय जुनं. राखेत गाडलं गेलं."

"म्हंजी त्यांचा बी मळा गेला म्हण की," ती म्हणाली. मग पदराने आधी डोळे पुसले आणि कोरड्या टोकाने माझ्यावरची धूळ.

पुढचे कितीतरी रविवार मी गॅलरीत स्टुलावर उघडा होतो. कुंदन रंगवायचा, दीपमाला पाने उलटायची आणि नवसाबाई हुकूम सोडायची. "कण्हेरीचं पान एवढं रुंद असतं का? निमुळतं काढ!" शेवटी तिने स्वतःच ब्रश घेतला आणि त्या रोमन बागेच्या कडेने झेंडूची एक ओळ लावली. माझ्या एकाही पानावर झेंडू नाही. पण त्या ओळीमुळे बाग तिची झाली. दुसऱ्या दिवसापासून ती कुंड्यांनाही पाणी घालू लागली.

मलाही जपणे सुरू झाले. दीपमालेने माझी कसर झटकली, कडुनिंबाची सुकी पाने घालून मला कपाटात जागा दिली. या घराचे उपकार मी कसे फेडू?

म्हणून सांगतो, मित्रांनो. थुंकी लावून पाने उलटू नका. चित्रे कापू नका, बघून काढा. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पुस्तक एकदा तरी उघडून बघा.

परवाच्या दसऱ्याला नवसाबाईने मला पाटावर विळ्याशेजारी मांडले आणि हळदीकुंकवाचे बोट थेट माझ्या मुखपृष्ठावर टेकवले.

"आई, डाग पडेल ना!" दीपमाला कळवळली.

"पडू दे. नुसतं जपून भागत नाय, मानावं बी लागतं."

बाकीचे सगळे डाग खुशाल पुसा, मित्रांनो. तेवढा एक राहू द्या.