उंबरठ्यावरचं आठवं बोट

मित्रांनो, चोपड्याहून सातपुड्याकडे निघालात आणि नाला ओलांडलात, की केळीच्या बागेत एक पत्र्याचं घर लागतं. त्या घराच्या पुढच्या दारात, सगळ्यांच्या पायाखाली, मी आडवा पडलेला असतो. मी सागाचा उंबरठा. वय विचारू नका. माझ्या अंगावरच्या रेघा मोजायला बसलात, तर शाळेची घंटा होऊन जाईल.

माझं झाड सातपुड्यात होतं. ते इतकं उंच, की पावसाळ्यातले ढग त्याच्या शेंड्याला अडकायचे आणि माकडं त्यांना सोडवून पुढे ढकलायची. एक वाघ रोज माझ्या बुंध्याला पाठ घासायचा. म्हणून तर अजूनही मांजर मला आधी हुंगतं आणि मगच उडी मारतं. हसताय? हसा. लाकडाला पाणी लागलं की ते थोडं फुगतंच. पण आता जे सांगणार आहे, त्यात मी चिमूटभरसुद्धा फुगलेलो नाही.

फैजपूरच्या एका मिस्त्रीने मला रंधा मारला आणि उखर्डू आबांच्या दारात बसवलं. त्याच वर्षी प्रमिलाबाई आबांची नवी नवरी होऊन माझ्यावरचं माप ओलांडून आत आल्या. मग अमृत झाला, पाठोपाठ नवल झाला. अमृत माझ्यावर बसून उसाचं कांडं खायचा. नवल मला अडखळून पडायचा आणि भोकाड पसरायचा. मग प्रमिलाबाई मला एक चापट मारून त्याला म्हणायच्या, "ले, मारं त्याले. उगी राय आता." चूक नवलची, मार मला. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

पुढे घरात फरशी आली आणि माझी किंमत उतरली. मला चॉकलेटी ऑइलपेंट फासला. मोटरसायकल आत घेताना माझ्यावर फळी टाकू लागले. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला, तो कुणी पाहिलाही नाही. तरी वर्षातून एक दिवस माझा होता. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

त्या दिवशी आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात. आणि त्याआधी घरातला कर्ता माझ्यासमोर उकिडवा बसतो, ओल्या कुंकवात बोट बुडवतो, आणि घरातून गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन माझ्या अंगावर एकेक बोट ओढतो. ज्याच्या नावाचं बोट ओढलं, त्याला पाणी पोचलं. आबा दरवर्षी सात बोटं ओढत. आणि दरवर्षी दाराआड उभी राहून एक बाई श्वास रोखून ती बोटं मोजत असे.

ती सुलक्षणा. बोदवडची लेक, अमृतची बायको.

दहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अमृत सुरतेला कामाला निघाला. सकाळी पिशवी घेऊन माझ्यावरून बाहेर पडला. मागोमाग नवल निघाला, भावाला गाडीत बसवायला. अमृत डबा विसरला, म्हणून प्रमिलाबाई डबा घेऊन त्यांच्यामागे धावल्या. दुपारी नवल परत आला आणि म्हणाला, "अमळनेरला गाडीत बसवून आलो." सगळ्यांनी त्याचं तोंड पाहिलं. मी त्याचे तळवे पाहिले. फलाटाच्या धुळीचा कण नव्हता. बोटांच्या बेचक्यात मक्याच्या बांधावरची काळी माती भरली होती. मागून आलेल्या प्रमिलाबाईंच्या हातात डबा होता, भरलेला. "भेटला नही तो, पुढे निघी गया," त्या म्हणाल्या. आणि त्या दिवशी त्यांनी मला तीन वेळा पुसलं.

अमृत त्यानंतर कधी माझ्यावरून आत आला नाही. फोन बंद. पत्ता नाही. पण उंबरठ्याला साक्षीला कोण बोलावतं?

सुलक्षणा मात्र रोज सकाळी दाराजवळच्या आरशात बघून कुंकू लावायची आणि रस्त्याकडे बघत मला झाडायची. आखाजीला सात बोटं मोजून झाली, की तिचा श्वास सुटायचा. सात म्हणजे अमृत त्यांच्यात नाही. सात म्हणजे तो कुठेतरी जेवतोय, झोपतोय.

गेल्या आखाजीला तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. सुरतेत उधन्याच्या बाजूला अमृतसारखा माणूस दिसला, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती एकटी निघणार होती.

त्या दिवशी घरात सहा माणसं होती. आबा, प्रमिलाबाई, नवल आणि सुलक्षणा. आबांची बहीण भिकुबाई आखाजीला माहेरी आलेली. तिला सगळे फुई, म्हणजे आत्या, म्हणत. तोंडात सदा मिसरी, आणि नजर अशी की कोंबडीने अंडं लपवलं तरी तिला सापडावं. सहावा खाजा मिस्त्री. ज्याने मला रंधा मारला त्याचा हा मुलगा, आखाजीचा झोका टांगायला आलेला.

सकाळी आबांनी सात बोटं ओढली. फुई उशिरा पोचल्या, म्हणून दुपारी प्रमिलाबाई त्यांच्यासाठी पुन्हा पुरण घेऊन खापरासमोर बसल्या. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं, त्यावर मांडे भाजतात. मांडे इतके पातळ, की त्यातून पलीकडचं माणूस ओळखू यावं.

तीनच्या सुमाराला आभाळ काळंनिळं झालं आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या! मी सागाचा आहे, मी घाबरत नाही. पण त्या दिवशी घाबरलो. सुलक्षणा वासराला आत आणायला धावली. वासरू आलं, पण तिच्या उजव्या हातावर गार बसली आणि हात सुजला. फुईंनी हळदीचा लेप लावून तिचा हात पंजापर्यंत फडक्यात बांधला. दिवे गेले. पुढच्या खोलीचा पत्रा उडेल म्हणून सगळे मधल्या खोलीत दाटीने बसले. घरात दुपारीच अंधार झाला, आणि पत्र्यावरचा आवाज असा, की शेजारचा रडतोय की बोलतोय ते कळेना.

त्या अंधारात कुणीतरी माझ्याजवळ आलं. एक बोट माझ्यावर टेकलं आणि खाली ओढलं गेलं. दाराशी ठेवलेल्या कुंकवाच्या वाटीत बुडवलेलं, चिकट बोट. मला ते ओळखू आलं. पण मी तुम्हाला आत्ताच सांगणार नाही. मलाही एकदा तरी मान मिळू द्या.

अर्ध्या तासाने गारा थांबल्या. सुलक्षणाने पुढचं दार उघडलं. बाहेर सगळं पांढरं झालं होतं, हातभर गारांचा थर. केळीचं एक खोड उभं नव्हतं. अंगणात पोपट मरून पडले होते, हिरवे, पांढऱ्यावर. नाल्याला पाणी आलेलं, रस्त्यावर बाभूळ आडवी, फोनला रेंज नाही. मागचं दार पत्र्यावरून घसरलेल्या गारांच्या ढिगाने बंद झालं होतं.

मग तिची नजर खाली आली. तिने मोजलं. पुन्हा मोजलं. आणि दाराची चौकट धरली.

"आठ," ती म्हणाली. "आबा, आठ आहेत."

सगळे धावत आले. आबांचा चेहरा उतरला. "मी सातच ओढी. मना बापनं नाव चुकसू का मी?"

"बाहेरून आलं असेल कोणी," नवल म्हणाला.

खाजा मिस्त्री दारातून वाकून म्हणाला, "नवलभाऊ, गारांवर एक पाऊल तरी दाखव. इथे चिमणी उतरली असती तरी दिसलं असतं."

"मग तूच काढलं असशील, मस्करी म्हणून."

"मी? मला तुमच्या पितरांची नावं ठाऊक नाहीत. आणि बोटाला कुंकू घेऊन घरी गेलो, तर बायको जुबेदा मलाच पितरांत बसवेल."

सुलक्षणा कुणाकडे न बघता विचारत होती, "हे बोट कोणाचं? कोणासाठी ओढलं? घरातून निघून परत न आलेलं माणूस एकच आहे. हे बोट ज्याने ओढलं, त्याला माहीत आहे. त्याने सांगावं. मी उद्या निघायचं की नाही, एवढंच सांगावं."

"वहिनी, तू कशाला जीव लावतेस," नवल म्हणाला. "पुसून टाक. फडकं आण."

"हात लावू नको!" फुई ओरडल्या. आणि गुडघे धरत माझ्यासमोर खाली बसल्या.

मित्रांनो, इतकी वर्षं मला लोकांनी ओलांडलं. माझ्याकडे इतक्या जवळून बघणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी वास घेतला. मग थांबल्या. पाण्याने हैराण झालेल्या मुंग्या दाराच्या फटीतून आत येत होत्या. त्यांची रांग पहिल्या सात बोटांवरून सरळ पुढे गेली आणि आठव्या बोटावर गोळा झाली. तिथेच. दुसरीकडे कुठे नाही.

"देखा," फुई हळूच म्हणाल्या. "सात बोटं पाणीमा कालवेल कुंकूना शेतस. आठव्या बोटले गूळ लागेल शे." त्यांनी सुलक्षणाच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "हिना हातले हळद. आबा, नवल, मिस्त्री, तुमना हात कोरडा. मना हातले बी हळदच शे. आज या घरमा पुरणमा हात कोना व्हता?"

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रमिलाबाई चुलीच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. बोटांवर पुरण वाळलं होतं. त्यांनी हात पदराखाली घेतला, मग पुन्हा बाहेर काढला.

"वहिनी," फुई म्हणाल्या, "कोना नावनं ओढं?"

प्रमिलाबाई बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा वाटलाच नाही. "नऊ वरीस व्हयनात. बठ्ठा पितरसले पाणी भेटस. मना पोऱ्यालेच भेटस नही."

सुलक्षणा तिथेच खाली बसली.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आलं. रानडुकरं मका लोळवायची. नवलने रात्री बांधावर उघडी तार लावून तिच्यात मोटरची वीज सोडली होती. सकाळी ती बंद करायची राहिली. अमृत लवकर पोचावं म्हणून बांधावरून गेला. नवल मागून पोचला तेव्हा उशीर झाला होता. प्रमिलाबाई डबा घेऊन पोचल्या तेव्हा एक मुलगा पडलेला होता आणि दुसरा त्यांचे पाय धरून रडत होता, 'आई, मला जेलमध्ये टाकतील.' बांधावरच्या कडुलिंबाखाली त्या दोघांनी खड्डा खणला.

"एक गया व्हता," प्रमिलाबाई म्हणाल्या, "दुसराले कशी जाऊ देऊ?"

मला जुनी चापट आठवली, मित्रांनो. चूक नवलची, मार दुसऱ्याला. फक्त या वेळी मार खाणारी सुलक्षणा होती. नऊ वर्षं.

"मग आज कशाला काढलं?" तिने विचारलं. "त्याला पाणी द्यायला, की मला सांगायला?"

"दोन्ही," सासू म्हणाली. "तू उद्या निघणार होती. त्याले शोधाले. आणि तो आठेच शे, आपला बांधवर."

आबांनी भिंतीला डोकं टेकलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. नऊ आखाज्या त्यांनी पोराला उपाशी ठेवून घागर भरली होती.

नवलने खुंटीवरचं जाकीट ओढलं. "मी जातो. नाल्यापलीकडून फोन करून येतो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत फोन नव्हता.

तेव्हा सुलक्षणा उठली आणि माझ्यावर बसली. उंबरठ्यावर बसू नये म्हणतात, बसलं की घराला बरं नाही. ती बसली, चौकटीच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला पाय.

"वहिनी, ऊठ."

"मागचं दार गारांनी बंद आहे, खिडक्यांना गज आहेत," ती म्हणाली. "इथून पोलीस आत येतील, तेव्हाच कोणी बाहेर जाईल."

"घर मोडशील तू!"

"ते बांधावर मोडलंय, नवलभाऊ. मी आज ऐकलं फक्त."

त्याने तिच्या दंडाला हात घातला. आणि तेव्हा आबा आले. त्यांनी नवलचा हात काढला, सुनेचे पाय हळूच बाजूला सारले आणि धोतर सावरून माझ्यावर तिच्या शेजारी बसले. त्या घरात सासरा आणि सून कधी एका चटईवरही बसले नव्हते. आबांनी कुंकवाची वाटी पुढे ओढली, बोट बुडवलं, पण हात उचलेना.

"तू ओढ," ते म्हणाले. "मना हात चालत नही."

सुलक्षणाने डाव्या हाताचं बोट आपल्याच कपाळावर टेकवलं. तिथलं कुंकू बोटावर घेतलं आणि आठव्या बोटावरून, मुंग्यांना बाजूला सारत, ओढलं. पहिल्यांदाच त्या घरात त्या नावाने पाणी पोचलं.

"अमृत," ती म्हणाली.

संध्याकाळी सुलक्षणाने एकट्या खाजा मिस्त्रीला वाट दिली आणि तो पोलिसांना फोन करायला गारा तुडवत नाल्यापलीकडे गेला. सकाळी बाभूळ हटली आणि जीप आली. नवल माझ्यावरून बाहेर गेला, लहानपणी अडखळायचा तसाच अडखळून. या वेळी मला कुणी चापट मारली नाही. त्याच्यामागून प्रमिलाबाई गेल्या. जाताना वाकल्या आणि माझ्या वाळवी लागलेल्या कोपऱ्याला हात लावून तो हात त्यांनी डोळ्यांना लावला.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा रंगही नको. वाळवीचं औषध लावलंत तर बरं, पण तेही राहू द्या. तुमच्या घरात कुणी रोज दाराशी उभं राहून वाट बघत असेल, आणि तुम्हाला काही माहीत असेल, तर सांगा. ते कितीही वाईट असलं तरी सांगा. कारण ती माणसं उभी राहतात माझ्यावर, आणि त्यांचं वजन मला माहीत आहे.

यंदा आखाजीला सुलक्षणा बोदवडहून आली. आबांनी सात बोटं ओढली आणि वाटी तिच्याकडे सरकवली. तिने आधी चुलीजवळ जाऊन गुळाच्या खड्यावर बोट फिरवलं, मग कुंकवात बुडवलं आणि आठवं बोट ओढलं. थोड्या वेळाने मुंग्या आल्या. आबा फडकं घेऊन वाकले.

"राहू द्या, आबा," ती म्हणाली. "गोड आवडायचं त्यांना."