मालाकीने चटई उचलली नाही

पहाटे झावळ्यांचा पडदा वर ओढला, तर अंगणात माझा दीर एतुआति गुडघे टेकून बसलेला. डोक्यावरून जमिनीपर्यंत त्यांच्या घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई पांघरलेली. पायांवरून ओळखला मी त्याला. मागे त्याची बायको सिएनी आणि दोन मुली, माना खाली घालून.

आमच्या सामोआत याला इफोगा म्हणतात. ज्याच्या हातून घात झाला, त्याने असं येऊन बसायचं. घरधन्याने चटई उचलली की माफी. नाही उचलली तर बसूनच राहायचं. पूर्वी अशा माणसाला तिथंच मारूनही टाकत.

एतुआतिच्या होडीतून माझा मुलगा एलेकाना बुडाला, त्याला नऊ दिवस झाले होते. एकोणीस वर्षांचा होता.

माझा नवरा मालाकी चर्चचा डीकन, पाद्रीबाबांच्या खालचा मान त्याचा. त्याने बाहेर एकदा बघितलं आणि बायबल घेऊन बसला.

"उचला की," मी म्हटलं.

"प्रभूने सांगितलं की उचलीन. माझ्या मनाने मी काही करत नाही."

खोटारडा! पंचवीस वर्षं बघतेय. याला जे करायचं नसतं, ते प्रभूने कधीच सांगितलेलं नसतं.

ऊन चढलं. आमच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. अख्खा गाव गोळा होऊन बघत होता. शेजारची फेताओ आजी ओरडली, "डीकनसाहेब, प्रभूचा निरोप काय बोटीने येतोय का?"

दोघे-तिघे हसले. मालाकीने पान उलटलं.

दुपारी चटई एका बाजूला कलली. मी पाणी घेऊन धावले, कड जरा वर केली. एतुआतिचे ओठ फुटले होते.

"नको वहिनी. दादाला उचलू दे."

"भावजी, खरं का सांगत नाही सगळ्यांना?"

"रविवारी त्याला उपदेशाला उभं राहायचंय. गावासमोर त्याची मान खाली जाईल." त्याने कड माझ्या हातून सोडवून घेतली.

खरं काय होतं ते मला ठाऊक होतं. एलेकाना बुडाला त्या शनिवारी एतुआति सांगत होता, खडकांपाशी पाणी पांढरं झालंय, आज होडी नको. पण आदल्या रविवारी पाद्रीबाबांच्या जेवणाला कुणी काय दिलं ते चर्चमध्ये वाचून दाखवलं, तेव्हा दुसऱ्या डीकनचा मासा सगळ्यात मोठा म्हणून पहिला वाचला होता. ते मालाकीला झोंबलं होतं. "बाई झालास काय रे भित्र्या? मी सांगतो म्हणून जा," तो भावाला म्हणाला. आणि एलेकानाला, "तूही जा, काका घाबरतोय."

मी चुलीपाशी बसून हे सगळं ऐकलं. जाऊ नको म्हटलं नाही. मोठा मासा आमच्या नावाने वाचला जावा, असं मलाही वाटत होतं. तेही लिहिते.

मी अंगणातूनच ओरडले, "मालाकी! तू पाठवलंस त्याला!"

त्याला तोंडावर तू म्हणायची ही पहिलीच वेळ.

"चूप!" तो म्हणाला आणि मोठ्याने वाचायला लागला. दोन ओळी जेमतेम झाल्या आणि आवाज चिरकला. पुस्तक तसंच टाकून तो पायऱ्या उतरला. आता उचलणार, असं सगळ्यांना वाटलं. तो चटईसमोर उभा राहिला. मग एवढा मोठा माणूस, ज्याच्यासाठी गाव रस्ता सोडतो, तो गुडघ्यांवर आला आणि रांगत चटईखाली शिरला.

"एतु, मी पाठवलं रे. मी मारलं त्याला."

"दादा, आत सरक. पाठीला ऊन लागतंय तुला."

मग दोघांचं रडणं. तसं रडणं मी मयतीलाही ऐकलं नव्हतं.

आता उचलणार कोण? गाव माझ्याकडे बघायला लागला. फेताओ आजी हळूच म्हणाली, "पोरी, आता तूच गं."

मी पुढे झाले, कड मुठीत धरली. सकाळपासून मीच त्याच्यामागे लागले होते, उचला, उचला. आणि आता चटईखालून माझ्या मुलाचं नाव ऐकू येत होतं, पुन्हा पुन्हा, आणि माझा हात वर जाईना.