चुन्याच्या थरातलं नाणं

मित्रांनो, मी एक जुनी थापी आहे. गवंड्याची नव्हे. गवंड्याची थापी भिंत बांधते, मी जमीन उलगडते. रोमन लोकांची घरं, गटारं, चुली, फुटके रांजण, सगळं मी मातीतून खरवडून वर आणलं आहे. पण आज मी कौतुक करून घ्यायला बोलत नाही. माझ्या पोटात एक गोष्ट अडकून बसली आहे. तिच्यापायी मला फक्त गंज चढायचा बाकी राहिलाय.

माझा जन्म उत्तर इटलीतल्या एका भट्टीत झाला. एकाच पोलादी पट्टीतून पातं आणि मान घडवली, मागे लाकडी मूठ बसवली. तेव्हा माझं पातं तळहाताएवढं रुंद होतं. जुन्या वस्त्या खणून काढणाऱ्या एर्सिलियाने मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विकत घेतलं आणि मुठीवर तापल्या खिळ्याने आपलं नाव कोरलं. तेव्हापासून आम्ही दोघी उन्हातान्हात गुडघ्यांवर बसून झिजलो. तिचे गुडघे गेले, माझं पातं जिभेएवढं उरलं.

काम ऐकायला सोपं वाटतं. माती थराथराने साठते. सर्वांत जुनी खाली, नवी वर. आम्ही वरून एकेक थर काढायचा, त्याला क्रमांक द्यायचा, फोटो, मोजमाप, चित्र, आणि त्यातून निघालेली वस्तू त्याच थराच्या नावाने ठेवायची. थर एकदा खणला की संपला. तो परत रचता येत नाही. म्हणून वस्तू काय आहे यापेक्षा ती कुठे होती, हे आधी विचारायचं. एवढी साधी बाब माणसांच्या डोक्यात शिरायला इतका त्रास का होतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

ओर्नियो या डोंगरावरच्या गावाबाहेर आमचं शेवटचं मोठं काम चाललं होतं. तिथे नव्या बाजाराच्या गाड्या उभ्या करायची जागा व्हायची होती. आधी खणून पाहा, काही नसेल तर डांबर टाकू, असं ठरलेलं. आम्हाला रोमन वस्ती सापडली. पुस्तकांत लिहिलं होतं की मोठ्या आगीत ती जळाली आणि कायमची ओस पडली. जळका काळा थर होताही. पण त्याच्यावर पांढऱ्या चुन्याचा थर होता आणि चुन्यावर विटांच्या फरशीचे तुकडे. म्हणजे राखेवर कुणीतरी नवं घर केलं होतं. एर्सिलियाचं म्हणणं, "रोमन माणसंच परत आली होती." वरिष्ठांचं म्हणणं, "कशावरून? आगीआधीची फरशी खचून खाली-वर झाली असेल." चुन्यात, फरशीच्या खाली, आगीनंतरच्या काळातलं काहीतरी मिळालं असतं, तर फरशी आगीनंतरची हे सिद्ध झालं असतं आणि खोदकामाला मुदत वाढली असती. सरकारी पाहणी दुसऱ्या दिवसावर आली होती.

त्या सकाळी एर्सिलियाला गावच्या कचेरीत जायचं होतं. खड्ड्याची उभी भिंत फोटोसाठी साफ करायचं काम तिने गुआल्तिएरोला दिलं. गडी अनुभवी, गप्पिष्ट, मनाने चांगला. पण आपली थापी नेहमीप्रमाणे घरी विसरलेला. तिने मला त्याच्या हातात दिलं.

खापरं धुणारी पाल्मिरा टबाशी बसूनच ओरडली, "अगं, थापी उसनी देतेस? उद्या दात घासायचा ब्रशही दे त्याला!"

"ब्रशचं माझं मी बघतो," गुआल्तिएरो म्हणाला. "तू तुझी खापरं बघ."

"माझी? आज दुपारची पाळी तुझी आहे, राजा. पाणी बर्फासारखं गार आहे, सांगून ठेवते."

आमच्या खोदकामावर एक रीत होती. ज्याला नाणं सापडेल त्याला त्या दिवशी खापरं धुण्यातून सुट्टी. ही रीत कोणी काढली कोण जाणे, पण तिच्या नावाने मी आजही बोटं मोडते.

गुआल्तिएरो भिंत खरवडत होता. वर तपकिरी शेतमाती, मध्ये चार बोटं पांढरा चुना, खाली काळी राख. त्या टोकाला फरशी नांगराने उखडून गेलेली, त्यामुळे तपकिरी माती थेट चुन्याला भिडलेली. आणि चुन्याच्या बरोबर मध्यात माझं टोक टणकन वाजलं. एक हिरवट कड डोकावत होती.

भिंतीतली वस्तू ओढायची नसते, मित्रांनो. जिथे आहे तिथे राहू द्यायची, हाक मारायची, फोटो काढायचा, मोजायचं. हे त्याने स्वतः कितीतरी पोरांना शिकवलेलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो गार पाण्याचा टब होता. त्याने माझंच टोक आत घालून नाणं उचकटलं, थुंकी लावून पँटवर घासलं आणि बोंब ठोकली, "नाणं! अरे, नाणं! पाल्मिरा, जा, धू तुझी खापरं!"

सगळे धावले. नाणं या हातातून त्या हातात फिरलं. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातल्या बादशहाचा चेहरा, आगीच्या खूप नंतरचा! हेच तर हवं होतं! मी आनंदाने वेडी झाले असते, पण तेवढ्यात या शहाण्याने मला गवतावर पुसलं आणि उरलेली भिंत खुशीत खरवडून काढली. नाण्याचं भोक भोवतालच्या चुन्याच्या पापुद्र्यासकट नाहीसं झालं.

एर्सिलिया पाव आणि भाजलेलं डुकराचं मांस घेऊन आली. नाणं पाहून तिने सगळं तिथेच खाली ठेवलं.

"कुठून निघालं?"

"इथून."

"इथून म्हणजे? बोट ठेव."

त्याचं बोट पांढऱ्यावर टेकलं, वर तपकिरीकडे सरकलं, पुन्हा खाली आलं. आणि तपकिरी शेतमातीतलं नाणं काहीच सिद्ध करत नाही, ते कुणाच्याही हातून कधीही पडलेलं असू शकतं.

"भोक कुठाय, गुआल्तिएरो?"

"भोक... मी भिंत साफ केली ना. तूच म्हणालीस, आरशासारखी कर."

"भिंतीत नाणं दिसलं तर काय करायचं असतं?"

"हात लावायचा नाही. तुला हाक मारायची."

"मग?"

"मग काय... आज माझी पाळी होती."

पाल्मिरा फिसकन हसली, पण एर्सिलियाचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं. मग तीच म्हणाली, "अगं, पांढरा लिहून टाक. पांढराच असणार. कोण तपासायला येतंय?"

"असणार आणि आहे, यात फरक आहे, पाल्मिरा."

पांढराच आहे गं! मी परत तिच्या हातात आले होते, माझी मूठ तिच्या मुठीत होती, आणि मला एक शब्द फुटत नव्हता. इतकी वर्षं मी या बाईचा हात झाले, पण तोंड कधी होता आलं नाही. एवढी चीड मला जन्मात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरकारी पाहुणा येण्याआधी गुआल्तिएरो तिच्यापुढे उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा. "मी शपथेवर सांगतो. पांढऱ्यातून निघालं."

"काल तुझं बोट हलत होतं."

"आज नाही हलत."

"आज आपल्याला गरज आहे म्हणून नाही हलत."

 आणि गंमत बघा, तो खरं बोलत होता! पण त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं की आपण खरं बोलतोय. एर्सिलियाने नाण्याच्या पिशवीवर लिहिलं, 'थर अनिश्चित'. तिचा मला भयंकर राग आला. तिचंच बरोबर होतं, म्हणून तो राग कुठे काढावा हेही कळेना.

सरकारी पाहुणा सभ्य होता. त्याने भिंत पाहिली, पिशवी पाहिली. "बाई, हे दोन शब्द नसते तर मी मुदत वाढवली असती," तो म्हणाला. ती म्हणाली, "ठाऊक आहे."

उरलेल्या दिवसांत तिने मला घेऊन चुन्याचा मिळेल तेवढा भाग बोट बोट उकरला. एक खिळासुद्धा मिळाला नाही. मग ट्रकमधून वाळू आली, वाळूवर डांबर आलं. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. एर्सिलियाने गुडघ्यांपायी काम सोडलं आणि मी तिच्या घरातल्या पेटीत, तुटक्या ब्रशांखाली पडून आहे. गुआल्तिएरो सणासुदीला येतो, कॉफी पितो, त्या नाण्याचा विषय दोघंही काढत नाहीत.

मित्रांनो, आम्हा थाप्यांना तेल लावा, कोरडं ठेवा, हे मी सांगायला हवं. पण खरं मागणं वेगळं आहे. जमिनीत काही चमकलं तर आधी हात मागे घ्या. ते कुठे आहे ते नीट बघा, दुसऱ्या कुणाला दाखवा, मग उचला. वस्तू तुमच्या हातात आली की तिची जागा कायमची जाते, आणि जागेबरोबर तिचं म्हणणंही.

ओर्नियोतली माणसं परत आली होती. त्यांनी आपल्याच घरांची राख पायांनी दाबून सपाट केली, वर चुना ओतला, फरशी बसवली आणि तिथेच पुन्हा राहिली. हे मला ठाऊक आहे. पुस्तकांत अजून लिहिलेलं आहे की ती कधी आलीच नाहीत.