बाटली सोडवताना

डॉक्टरांनी दिव्यानीचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला. समोरचे दोन दात हिरडीपाशी तपकिरी पडले होते. दोन वर्षांची पोर रडली नाही. आजीच्या मांडीवर निमूट बसून राहिली.

“बाटलीत काय देता?”

“चाय जी, साखरेची. त्याबिगर झोपतच नाई.”

“बाकीचे दात वाचवायचे तर बाटली बंद. झोपण्यापूर्वी आईने दात पुसायचे. आई कुठे आहे?”

“मिरच्या तोडाले गेली, तेलंगणात. पोरगाई तिथीच हाय.”

डॉक्टरांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केले. चित्रात आई, वडील आणि बाळ आरशासमोर हसत दात घासत होते. त्या आईला कोणत्याही हंगामात कुठेही जावे लागत नसावे. आरोग्यशिक्षण घरी असलेल्या माणसांसाठी छापले जाते. घरी नसलेल्यांच्या वाट्याला त्यांच्या अज्ञानावरचे अहवाल येतात.

सिंदेवाहीच्या दवाखान्यातून भागीरथा नातीला घेऊन गावी परतली, तेव्हा शेजारची सुकरी कुंपणापाशी उभी होती.

“दे न बाई चाय. दुधाचेच त दात हायेत, पडतीनच.”

“तुयी दाढ दुखली तवा काऊन गाव डोक्यावर घेतलं होतं?”

सुकरी हसत निघून गेली. अंगण पुन्हा रिकामे झाले. अर्ध्या गावाला कुलपे होती.

दिवस कलताना भागीरथाने कडूनिंबाचा पाला पाट्यावर वाटला आणि चहाने भरलेल्या बाटलीच्या रबरी बोंडाला लेप दिला. तोंड कडू झाले की पोर बाटली टाकील, एवढाच तिचा विचार होता.

दिव्यानीने बोंड तोंडात घेतले. चेहरा आकसला, अंग शहारले. पण बाटली तिने फेकली नाही. उलट दोन्ही हातांनी घट्ट धरली, डोळे मिटले आणि सावकाश चोखत राहिली. मग बोंड सोडून तिने दाराकडे पाहिले.

“माय?”

भागीरथाच्या ध्यानात आले. मिरच्या तोडायला जाण्यापूर्वीच्या आठवड्यात सुनेने, सरिताने, पोरीचे अंगावरचे दूध तोडले होते. याच पाट्यावर पाला वाटून ती छातीला लावत असे आणि भिंतीकडे तोंड करून पोरीला जवळ घेत असे.

दारात कोणी नव्हते. दिव्यानी तरी पाहतच होती.

भागीरथाने बाटली हळूच काढून घेतली. चहा अंगणात ओतला, ओल्या फडक्याने पोरीचे दात एकेक करून पुसले आणि बाटलीत नुसते पाणी भरले. मग पाट्यावर उरलेला पाला बोटाने निपटून तिने तो पुन्हा बोंडाला लावला.